दीड ताऱ्याविरुद्ध ठराव

जावयाशी वाद घालता येत नाही ही अडचण सगळ्याच सासऱ्यांना आहे, पण अधिक महिन्यात ती फारच वाढते. एरवी सासऱ्याला निदान विषय बदलता येतो, जनावराला वैरण टाकायचं निमित्त करून उठता तरी येतं. धोंड्याच्या जेवणाला तीही सोय नसते. जावई पाटावर बसलेला असतो, ताटाभोवती रांगोळी असते, आणि त्या दिवसापुरता तो देव मानायचा असतो. देव पुरणाचा धोंडा मोडता मोडता काहीही बोलला तरी आपण मान डोलवायची आणि तूप वाढायचं.

पिंपळवाडीच्या सहकारी दूध संस्थेचे सचिव राधाकिशनराव यांनी त्या कोरड्या अधिक आषाढात अशीच मान डोलवली आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

त्यांचे जावई उत्तरेश्वर पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होते. गाव त्यांचं केजकडचंच, पण शाळेपासून पुण्यात वाढलेले, त्यामुळे त्यांना भाकरीपेक्षा भाकरीचा फोटो जास्त आवडायचा. डाव्या हातातल्या मोबाइलकडे बघत ते म्हणाले, "मामा, तुमच्या त्या 'वायुवीर'ला पेपरात दीड तारा दिलाय."

"कितीपैकी?" राधाकिशनरावांनी विचारलं.

"पाचपैकी."

तुपाची वाटी राधाकिशनरावांच्या हातात होती. तूप धोंड्यावर पडायचं ते रांगोळीत पडलं. हे फक्त विमलबाईंनी पाहिलं, आणि तीस वर्षांच्या संसाराच्या अनुभवावरून त्यांनी ओळखलं की आता घराला महिनाभर तरी शांतता नाही.

'वायुवीर' हा सिनेमा राधाकिशनरावांचा नव्हता हे खरं. पण गावात तो त्यांचाच समजला जाई. झालं होतं असं, की पंधरा दिवसांपूर्वी ते संस्थेच्या कामाला बीडला गेले होते. साहेब मीटिंगमध्ये होते. साहेब मीटिंगमध्ये असले की चार वाजेपर्यंत जायचं कुठं, हा प्रश्न असतो. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. राधाकिशनराव थंडगार हवेसाठी म्हणून एका थेटरात शिरले आणि वायुवीराच्या नादी लागले.

हा वायुवीर दिवसा विमा कंपनीत कारकून असतो आणि लोक संकटात सापडले की निळा झगा घालून उडतो. राधाकिशनराव स्वतः सत्तावीस वर्षं कारकुनी करत असल्यामुळे पहिला भाग त्यांना लगेच पटला. शेवटी एका दुष्काळी गावाचा पूल तुटतो, टँकर पलीकडेच अडकतो, आणि वायुवीर तो भरलेला टँकर खांद्यावर घेऊन उडत येतो आणि गावच्या विहिरीत ओततो. तिथं राधाकिशनराव रडले. टॉवेल भिजेपर्यंत रडले. गेल्या कित्येक उन्हाळ्यांत त्यांनी टँकरवर भाषणं ऐकली होती, टँकरवर निवडणुका पाहिल्या होत्या, पण टँकर विहिरीत रिता होताना गावाच्या पोटात कसं होतं, ते कुणी दाखवलेलं त्यांनी प्रथमच पाहिलं.

साहेबांची भेट राहिली. परतताना मांजरसुंब्याला चहा पिता पिता त्यांनी हॉटेलवाल्यालाही गोष्ट सांगितली. गावात आल्यावर तर दोन जीपगाड्या भरून माणसं बीडला पाठवली, स्वतःच्या शब्दावर. थेटरात पडद्यावरच्या टँकरचा हॉर्न वाजला तेव्हा शेजारच्या सारजाबाई खुर्चीवरून उठून दाराकडे निघाल्या होत्या. घागर कुठं ठेवली, असं त्या अंधारात सगळ्यांना विचारत होत्या. एखाद्या सिनेमाला याहून मोठी पावती काय असते?

आणि इकडे दीड तारा.

जावयांनी परीक्षण मोठ्यानं वाचून दाखवलं. लिहिणारे होते पुण्याचे शशांक देवस्थळी, सिनेमावर लिहिण्याचाच ज्यांचा व्यवसाय होता. त्यांनी लिहिलं होतं, "तहानलेले गावकरी रिकामे हंडे घेऊन समोर उभे असताना हा महामानव टँकरभर पाणी हंड्यांत न देता कोरड्या विहिरीत ओतून मोकळा होतो. अतर्क्यपणाची ही परिसीमा होय. पाणी कुठे ओतावे हेही ज्याला कळत नाही, त्याने जग काय वाचवावे?"

"बरोबरच आहे की मामा," जावई हसून म्हणाले. "विहिरीत कोण ओततं?"

आता पिंपळवाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं की टँकर विहिरीतच ओततात. ड्रायव्हरला पुढच्या गावाची खेप असते, तो घागरी भरत थांबू शकत नाही. तो पाइप विहिरीत सोडतो, टाकी रिती करतो आणि जातो. मग गाव आपापल्या दोरानं शेंदत बसतं. काठावर कुणाची जागा कोणती हेसुद्धा ठरलेलं असतं, सातबाऱ्यावर नसलं तरी. हे सगळं राधाकिशनरावांच्या जिभेवर आलं होतं. पण जावई पाटावर होते.

"व्हय," ते म्हणाले आणि मान डोलवली. जावई आणि लेक अयोध्या गाडीत बसून पुण्याला जाईपर्यंत ती मान डोलतच होती. गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि मग त्यांनी विमलबाईंना विचारलं, "ह्यो देवस्थळी सवताला समजतो कोण?"

"आवं, जाऊ द्या. त्येला काय म्हाईत?"

"म्हाईत न्हाई तर लिवलं कावून?"

विमलबाई रांगोळीत सांडलेलं तूप पुसायला आत गेल्या.

दुष्काळानं एक केलं होतं, राधाकिशनरावांना भरपूर वेळ दिला होता. जनावरं चारा छावणीला गेलेली, संस्थेत दूध येई ते एका कॅनच्या तळाला. सकाळी आठाला कार्यालय संपून जाई. त्यांनी पेपरच्या संपादकांना सविस्तर पत्र लिहिलं. छापून आलं नाही. दुसरं लिहिलं. तेही नाही. तिसऱ्या पत्राच्या वेळी आप्पा येऊन बसले. आप्पा म्हणजे निवृत्त ग्रामसेवक. नोकरीत असताना त्यांनी कुणाला सल्ला दिला नव्हता, तो सगळा आता वाटत होते.

"एकल्या मानसाच्या पत्राला कोन इचारतंय?" आप्पा म्हणाले. "संस्थेचा ठराव घ्या. ठरावाला जावक नंबर पडतो. नंबर पडला की कागदाला वजन येतं."

हा सल्ला राधाकिशनरावांना इतका पटला की तो आपल्यालाच सुचला होता असं त्यांना संध्याकाळपर्यंत वाटू लागलं. ते अध्यक्ष सुंदररावांकडे गेले. सुंदरराव बागायतदार, तालुक्याच्या राजकारणात मुरलेले. त्यांनी सगळं डोळे मिटून ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला.

"ह्यो देवस्थळी कोनत्या गटाचा?"

"गटाचा न्हाई, पुन्याचा हाय."

"मंग घ्या ठराव."

विशेष सभा बोलावली. गणपूर्ती झाली नाही, कारण निम्मे सभासद छावणीत जनावरांपाशी होते. सभा तहकूब झाली आणि अर्ध्या तासानं त्याच जागी, त्याच सतरंजीवर, त्याच पाच माणसांत पुन्हा भरली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, आणि या एका कलमावर अनेक सहकारी संस्था उभ्या आहेत. ठराव एकमतानं मंजूर झाला: "चित्रपट समीक्षक श्री. देवस्थळी यांनी टँकरचे पाणी विहिरीत ओतण्याबाबत व्यक्त केलेला अभिप्राय ही संस्था सर्वानुमते अमान्य करीत असून सदर दीड तारा मागे घेण्यात यावा."

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा खाली झाला. त्या वर्षी संस्थेतून बाहेर पडणारा प्रत्येक ठराव टँकरचाच असे. टँकर सुरू करा, टँकर वेळेवर पाठवा, टँकर गळतो. राधाकिशनरावांच्या हाताला सवय लागलेली. देवस्थळींचा आणि संपादकांचा पत्ता लिहून झाल्यावर पेन थांबायला हवं होतं. ते थांबलं नाही. त्यानं नेहमीप्रमाणे खाली लिहिलं, "प्रत माहितीस्तव व योग्य त्या कार्यवाहीस्तव: मा. तहसीलदार, मा. गटविकास अधिकारी." आणि संस्थेच्या शिपायानं नेहमीप्रमाणे ती प्रत तालुक्याला नेऊन दिली.

आठवड्याच्या आत कार्यवाही झाली. एरवी टँकर मागितला तर महिना जातो. कचेरीतून पत्र आलं, की टँकरचे पाणी विहिरीत ओतण्याबाबत आपल्या संस्थेच्या ठरावात नमूद तक्रार गंभीर असून, चौकशी पूर्ण होईपर्यंत पिंपळवाडीची खेप स्थगित ठेवण्यात येत आहे.

दुसऱ्या दिवशी टँकर आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी राधाकिशनरावांच्या दारात रिकाम्या घागरी घेऊन सगळी आळी उभी होती. सारजाबाई पुढे होत्या.

"सचिव, शिनेमा बगायला तुमीच नेलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "आता पानी कुटं बगायचं, ते बी सांगा."

राधाकिशनराव माणसं पाहून घाबरणारे नव्हते, पण त्या दिवशी ते मनापासून घाबरले. सिनेमा, तारे, जावई, सगळं क्षणात लहान झालं. आपल्या एका ओळीनं गावाचं पाणी तोडलं होतं. ते तसेच तालुक्याला धावले.

"तो ठराव सिनेमाबद्दल हाय साहेब," त्यांनी कारकुनाला हात जोडून सांगितलं.

"सिनेमाचं टेबल आमच्याकडं नाही," कारकून म्हणाला. "टँकरचं आहे. टँकर लिहिलंय, विहीर लिहिलंय, खाली सही तुमची आहे."

"मंग ठराव मागं घेतो."

"घ्या की. नियमाप्रमाणं नोटीस काढा, सभा घ्या, रद्द केल्याचा ठराव पाठवा."

"आन तवर गावानं प्यावं काय?"

कारकुनाला हा प्रश्न त्याच्या टेबलाचा वाटला नाही. शेवटी बरीच विनवणी केल्यावर गुरुवारी चौकशीला नायब तहसीलदार स्वतः येतील, असं ठरलं. तोवर राधाकिशनरावांनी संस्थेचे रिकामे दुधाचे कॅन सुंदररावांच्या बैलगाडीत घातले आणि त्यांच्याच मळ्यातल्या बोअरचं उरलंसुरलं पाणी घरोघर पोचवलं. शर्टाच्या खिशाला पेन, डोक्याला टॉवेल आणि बैलाच्या शेपटीला हात, असे सचिव गावानं कधी पाहिले नव्हते. आप्पा पारावरून, बैल कसे हाकावेत याचा सल्ला देत होते.

गुरुवारी सकाळी दारात एक बारीक अंगाचा, उन्हानं लाल झालेला माणूस उभा राहिला. गळ्यात शबनम पिशवी, डोक्याला नवी कोरी टोपी.

"मी देवस्थळी," तो म्हणाला. "आपला ठराव मिळाला. तीस वर्षं लिहितोय, पुष्कळ शिव्या आल्या, पण माझ्याविरुद्ध सहकारी संस्थेचा ठराव पहिल्यांदाच झाला. म्हटलं, भेटूनच यावं. जरा पाणी मिळेल का?"

या माणसाला भेटल्यावर काय काय बोलायचं, याची राधाकिशनरावांनी मनात केव्हाची तयारी केली होती. त्या सगळ्या भाषणात पाणी मागितल्यावर काय करायचं, ते नव्हतं. विमलबाईंनी आतून तांब्या भरून आणला. घरात दुसरा भरेल एवढं पाणी नव्हतं, हे देवस्थळींना कुणी सांगितलं नाही. ते गटागटा प्याले.

विहिरीवर सगळं गाव जमलं होतं. चौकशीसाठी म्हणून एक टँकर खास सोडला होता आणि ड्रायव्हर सिदू पाइप खांद्यावर घेऊन उभा होता. नायब तहसीलदारांनी फाइल उघडली. त्यात ठरावाला जोडलेला देवस्थळींचा उतारा होता, आणि उतारा लिहिणारे तज्ज्ञ समोरच हजर होते. इतका पूर्ण पुरावा त्यांना क्वचितच मिळत असावा.

"तज्ज्ञांचं मत आहे की पाणी थेट हंड्यांत द्यावं," ते म्हणाले. "आज तसंच करून बघू. विहिरीत ओतू नका."

"साहेब, लई वंगाळ व्हईल," सिदू म्हणाला.

"प्रात्यक्षिक आहे. साहेब, पाइप आपण धरा," असं म्हणून त्यांनी देवस्थळींच्या हातात पाइप दिला.

सिदूनं कॉक फिरवला. पुढं काय झालं ते नीट कुणालाच सांगता येत नाही, कारण जो तो आपल्या घागरीत होता. एवढ्या दिवसांची तहान एकाच पाइपावर तुटून पडली. पाइप एकदा डावीकडे गेला, एकदा उजवीकडे, एकदा सरळ वर. देवस्थळींची टोपी कुणाच्या तरी कळशीत गेली आणि कळशी दुसऱ्याच घरी गेली. नायब तहसीलदारांची फाइल भिजली, बूट चिखलात रुतला. सुंदरराव लांब उभे राहून शिस्तीनं घ्या, शिस्तीनं घ्या म्हणत होते आणि त्यांचाच गडी दोन घागरी घेऊन पुढे घुसला होता. एवढं होईस्तोवर टाकी रिती झाली. मारुतीच्या देवळापर्यंत चिखलाचा ओहोळ गेला होता आणि बायकांच्या बहुतेक घागरी तशाच कोरड्या होत्या. सिदूनं पाइप गुंडाळला.

देवस्थळी चष्मा पुसत होते आणि पुसायला अंगावर कोरडं काही नव्हतं.

"आनखी एक खेप मागवा साहेब," राधाकिशनराव पुढे होऊन म्हणाले. त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाही नवा वाटला. "आन ती आमच्या रीतीनं वता. चूक माझी हाय, कागद माझा हाय. पन पानी गावाचं हाय."

नायब तहसीलदारांनी एकदा बुटाकडे पाहिलं आणि फोन लावला. दुपारी टँकर पुन्हा आला. सिदूनं पाइप विहिरीत सोडला, आणि पाणी तळाच्या खडकावर आदळल्याचा तो आवाज आला. बायका, म्हातारी, पोरं काठावरून वाकून ऐकत राहिली. कुणी घाई केली नाही. टँकर निघून गेला, मग दोर सुटले, आणि सूर्य कलेपर्यंत गाव आपापल्या जागेवरून शेंदत राहिलं. राधाकिशनरावांनी काठावरची आपली जागा देवस्थळींना दिली. त्यांनी एक बादली वर ओढली. निम्मी वाटेत हिंदकळली, तळहात सोलवटले, पण बादली वर आली.

"सिनेमात हा आवाज होता," बादलीकडे बघत ते म्हणाले. "मला वाटलं, उगाच घातलाय."

"आमी त्याच आवाजाला रडलो साहेब," राधाकिशनराव म्हणाले.

संध्याकाळी देवस्थळींना तालुक्यापर्यंत न्यायला सिदू रिकामा टँकर घेऊन परत आला. निघण्यापूर्वी देवस्थळींनी वही काढून बायकांना विचारलं, की सिनेमात काहीच खोटं वाटलं नाही का? माणूस टँकर घेऊन उडतो, ते तरी?

सारजाबाईंनी नीट विचार केला. "उडाला ते ठीक हाय. अंगात असंल येखाद्याच्या," त्या म्हणाल्या. "पन एवढ्या लांबून टँकर आला आन एक थेंब गळला न्हाई, ते काय पटलं न्हाई."

सगळ्यांनी सिदूकडे पाहिलं. सिदूला त्याच वेळी टायरात काहीतरी दिसलं.

चौकशीचा अहवाल आठ दिवसांत आला. विहिरीत ओतण्याची पद्धतच योग्य असल्याचं त्यात लिहिलं होतं, आणि एका खेपेत गावाचं भागत नाही हे अधिकाऱ्यांनी स्वतः पाहिल्यामुळे यापुढे पिंपळवाडीला रोज दोन खेपा मंजूर झाल्या होत्या. दुसऱ्या खेपेसाठी संस्थेनं आजवर किती ठराव पाठवले होते ते राधाकिशनरावांनाही आठवत नव्हतं. सिनेमाच्या ठरावानं ते काम केलं. सुंदररावांनी पारावर जाहीर केलं की हा डाव त्यांनी पहिल्यापासून ओळखला होता. आप्पांनी जाहीर केलं की सल्ला त्यांचा होता. राधाकिशनराव दोन दिवस छाती जरा पुढे काढून चालले.

रविवारच्या पेपरात देवस्थळींचा मोठा लेख आला. आपण चुकलो, असं त्यांनी सरळ लिहिलं होतं. सिनेमाला आता साडेतीन तारे होते. गाण्यांबद्दलचं वाईट मत कायम होतं, आणि अर्धा तारा सारजाबाईंच्या हरकतीवरून कापल्याचं नमूद होतं. ते कात्रण संस्थेच्या फलकावर, दुधाच्या फॅटच्या दरपत्रकाशेजारी, अजून आहे. जावयांना मात्र राधाकिशनरावांनी ते पाठवलं नाही. अधिक महिना संपला होता, पण जावई तो जावईच.

दिवाळीला अयोध्या आणि उत्तरेश्वर आले. पाऊस परतीचाही झाला नव्हता, टँकर चालूच होते. अयोध्येनं पहिल्याच दिवशी नवऱ्याच्या हातात दोर दिला. "आईची कंबर दुखते, तुम्ही चला," एवढंच ती म्हणाली. टँकरचा हॉर्न वाजला की घागर घेऊन पळायचं आणि काठावर मामांच्या जागी उभं राहून शेंदायचं, हे चार दिवसांत जावयांच्या अंगवळणी पडलं. तळहाताला फोड आले. त्यांचे फोटो त्यांनी काढले नाहीत.

पाचव्या दिवशी दुपारी टीव्हीवर 'वायुवीर' लागला. सारजाबाई, आप्पा, आळीतली निम्मी माणसं राधाकिशनरावांच्या ओसरीत येऊन बसली. जावईही बसले. तेव्हा बोलता बोलता अयोध्येच्या तोंडून निघून गेलं, की यांनी हा सिनेमा पाहिलेलाच नाही, नुसतं परीक्षण वाचलं होतं. राधाकिशनरावांनी हे ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं. तेवढा मोठेपणा त्यांना आता परवडत होता.

शेवट आला. पूल तुटला. पलीकडच्या काठावर अडकलेल्या टँकरनं लांबलचक हॉर्न दिला.

यावेळी सारजाबाई हलल्या नाहीत. उठले ते उत्तरेश्वर. ताडकन उठले, कोपऱ्यातली घागर उचलली, दोर खांद्यावर टाकला आणि चपलाही न घालता अंगणात उतरले. फाटकापाशी गेल्यावर मागं वळून त्यांनी हाक मारली, "मामा, चला लवकर, टँकर आला."

ओसरीतलं कुणीही हसलं नाही, कारण जावई होते.

"या, बसा जावईबापू," राधाकिशनराव मायेनं म्हणाले. "त्यो शिनेमातला हाय."

उत्तरेश्वर घागर घेऊन तसेच परत आले आणि उंबऱ्यात उभे राहिले. पडद्यावर वायुवीर टँकर घेऊन विहिरीवर आला होता. पाणी खाली गेलं, खडकावर आदळलं, तो आवाज आला. जावयांचे फोड आलेले हात घागरीच्या गळ्याशी घट्ट झाले. मग त्यांनी खांद्यावरच्या दोरानंच डोळे पुसले.

"धूळ गेली डोळ्यात, मामा," ते म्हणाले.

"व्हय," राधाकिशनराव म्हणाले आणि त्यांनी मान डोलवली. "औंदा धूळ लई हाय."